उजनीचा तळ आवाजाने कसा वाचतात? विस्कटलेल्या प्रतिध्वनीची दुरुस्ती, सोप्या भाषेत

उन्हाळा लागला की सोलापूरच्या बातम्यांत एक जागा राखीव असते: भीमेवरचे उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली, किती गेले. पावसाळ्यात तीच जागा प्लसच्या आकड्याची. धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते, त्यातला ६४ च्या आसपास मृतसाठा आणि ५३ च्या वर उपयुक्त साठा, हे इथे चहाच्या टपरीवरही पाठ असते. नळाला कैक दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ते पाठ होणारच.

या गप्पांत एक गोष्ट मात्र सुटते. धरणावर वाचता येते ती फक्त पाण्याची पातळी. साठा कुणी वाचत नाही. अमुक पातळीला अमुक टीएमसी, असा तक्ता केलेला असतो आणि त्यात बघून आकडा सांगतात. तक्ता बनतो तळाच्या आकारावरून. तळात गाळ साचत गेला की तक्त्यातले आकडे फुगलेले ठरतात, कारण जिथे पाणी धरले आहे तिथे चिखल असतो. म्हणून 'उजनीत गाळ किती' हा वाद अधूनमधून पेटतो, आणि तो मिटवायचा तर तळ पुन्हा मोजावा लागतो. बोट फिरवायची, बोटीखाली सोनार लावायचा, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारे यंत्र.

सोनारने टिपलेला आवाज आहे तसा कधीच वापरता येत नाही. त्यावर बरीच दुरुस्ती करावी लागते. हे ऐकले की सामान्य माणसाचे कान टवकारतात: दुरुस्ती? म्हणजे आकडे हाताने बसवलेले? संशय रास्त आहे. उत्तर द्यायला थोडे खोलात शिरावे लागेल.

## आवाजच का?

उजनीच्या गढूळ, हिरवट पाण्यात हातभर खालचे दिसणे मुश्कील. रडार ज्या रेडिओ लहरींवर चालते त्या पाणी चटकन शोषून घेते. आवाज मात्र पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो आणि लांब पोचतो. १८२६ साली जिनेव्हा सरोवरात कोलाडॉन आणि श्टुर्म या दोघांनी पाण्याखाली घंटा वाजवून, त्याच क्षणी पाण्यावर दारूचा भडका उडवून, हा वेग मोजला होता. सेकंदाला १४३५ मीटर. दोनशे वर्षांपूर्वीची ती मोजणी आजच्या आकड्याच्या अगदी जवळ आहे.

सोनारचे मूळ काम सोपे. बोटीखाली एक चकती असते, तिला ट्रान्सड्यूसर म्हणतात. विजेचा झटका दिला की ती थरथरते आणि पाण्यात आवाजाचा एक छोटा तुकडा सोडते. हा तुकडा म्हणजे पिंग. पिंग तळावर आपटून परत येतो, तोच आवाज चकती पुन्हा विजेत बदलते, आणि जायला-यायला लागलेल्या वेळेवरून खोली निघते. २० मीटर खोल जागी हा सगळा प्रवास सुमारे २७ मिलिसेकंदांत उरकतो.

वेळ मोजणे यंत्राला जड नाही. घोळ सुरू होतो तो वेगापासून. गोड्या पाण्यात २० अंशाला आवाज सेकंदाला साधारण १४८२ मीटर जातो, ३० अंशाला १५०९. सोलापूरच्या मे महिन्यात वरचे पाणी तापलेले आणि खालचे थंड. म्हणजे एकाच जागी, एकाच पिंगला, वाटेत वेग बदलत जातो. वेग धरताना दहा अंशांची गल्लत झाली तर २० मीटरला ३६ सेंटीमीटरची चूक होते. एवढ्याशा चुकीचे काय, असे वाटेल. १०० चौरस किलोमीटरच्या पसाऱ्यावर फक्त १० सेंटीमीटर चुकले तरी एक कोटी घनमीटर पाणी इकडचे तिकडे होते, म्हणजे टीएमसीचा एक तृतीयांश. त्यावरून इथे मोर्चे निघतात.

यावर इलाज जुना आणि साधा आहे. बोटीखाली ठरावीक खोलीवर दोराने लोखंडी पट्टी सोडायची आणि सोनार तीच खोली दाखवतो का ते बघायचे. सर्वेक्षणवाले याला बार चेक म्हणतात. सोनारमध्ये धरलेला वेग त्यावरून जुळवून घेतात.

## आवाज 'बिघडतो' म्हणजे नेमके काय होते?

इथे विजापूरला जाऊन येऊ, सोलापूरहून शंभरेक किलोमीटर. गोलघुमटाच्या सज्जात उभे राहून एक टाळी वाजवली की सात-आठ टाळ्या ऐकू येतात. टाळी एकच होती. घुमटाने तिच्या प्रती काढल्या, प्रत्येक थोडी उशिरा, थोडी मंद. आता तिथेच कुणी सलग वाक्य बोलू लागले तर पहिल्या शब्दाची प्रत दुसऱ्या शब्दावर चढते, दुसऱ्याची तिसऱ्यावर, आणि सगळा कल्लोळ होतो. शाळेच्या सहली तिथे गेल्यावर जो गलका होतो तो ज्याने ऐकला आहे त्याला पुढचे अर्धे समजले.

घुमटाने शब्द खाल्लेले नाहीत. एका ठरलेल्या पद्धतीने त्यांच्या प्रती एकमेकींवर रचल्या आहेत. आणि ती पद्धत कोणती, हे एका टाळीच्या रेकॉर्डिंगवरून कळते. टाळीला घुमटाने दिलेले उत्तर ही त्या घुमटाची ओळख. ती हाताशी असेल तर कल्लोळातून वाक्य मागे काढता येते.

पाण्यात हेच होते, फक्त भिंतींऐवजी एकीकडे तळ आणि दुसरीकडे पाण्याचा पृष्ठभाग. पिंग तळावरून वर येतो, पृष्ठभागावर आपटून परत खाली जातो, पुन्हा वर येतो. त्यामुळे पडद्यावर २० मीटरच्या तळाखाली ४० मीटरला एक दुसरा, पुसट तळ उमटतो. तिथे काहीच नसते. नवख्याला वाटते, केवढा खोल डोह सापडला!

दुसरा बिघाड पिंगच्या पसरण्यातून येतो. पिंग सरळ रेषेत जात नाही, खाली जाताना रुंदावत जातो. पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर घ्या, जे पाणी फार खाली गेले की उघडे पडते आणि मग लोक बघायला जातात. ते पाण्याखाली असताना बोट त्यावरून गेली तर शिखर नुसत्या टोकासारखे दिसणार नाही. समजा, शिखर बोटीच्या पातळीपासून १० मीटर खाली आहे. बोट अजून ५ मीटर अलीकडे असतानाच तिरका प्रतिध्वनी येऊ लागतो आणि सोनार समजतो, इथे ११.२ मीटरवर काहीतरी आहे. बोट जवळ येईल तसा आकडा घटतो, पुढे गेली की वाढतो. पडद्यावर टोकाऐवजी कमान उमटते. भीमेच्या जुन्या पात्राचेही तेच: उभ्या काठाचा जवळचा भाग आधी बोलतो, त्यामुळे खोल पात्र उथळ आणि गोलसर दिसते.

याशिवाय बोटीच्या इंजिनाची घरघर, चिलापीच्या झुंडी (माशाच्या पोटातली हवेची पिशवी आवाज जोरात परतवते), वाऱ्याने पाण्यात मिसळलेले बुडबुडे. या सगळ्याला मिळून गोंगाट म्हणू.

## प्रती काढून टाकायच्या कशा?

थोडे आकडे लिहून बघू. समजा, तळाचे खरे उत्तर असे आहे: ८, ०, ४, ०. म्हणजे पहिल्या क्षणी जोरदार प्रतिध्वनी, मग शांतता, मग निम्मा प्रतिध्वनी, मग पुन्हा शांतता. आणि समजा, पाण्याची खोड अशी की प्रत्येक आवाजाची निम्म्या जोराची एक प्रत पुढच्या क्षणी येते. मग आपल्या कानावर पडेल: ८, ४, ४, २.

आता फक्त हे ऐकलेले आकडे आणि 'निम्मी प्रत' ही खोड माहीत आहे. पहिला ८, त्याच्या आधी काही नव्हते, तो खराच. दुसरा ४, पण त्यात पहिल्याची निम्मी प्रत ४ होती. वजा केली, उरले ०. तिसरा ४, त्यात शून्याची निम्मी प्रत, म्हणजे काहीच नाही. उरले ४. चौथा २, त्यात तिसऱ्याची निम्मी प्रत २. उरले ०. मिळाले ८, ०, ४, ०. कुणी मनाने काही भरले नाही.

या उलट्या हिशेबाला तंत्रज्ञ डिकॉन्व्होल्यूशन म्हणतात. शब्द एवढ्यापुरताच, पुढे त्याला उलटा हिशेब म्हणू. खऱ्या कामात आकडे हजारो असतात आणि खोड 'निम्मी प्रत' इतकी सरळ नसते, पण गाभा हाच. शिखराची कमान मिटवून पुन्हा टोक करणे हेही याच जातीचे काम आहे: बोट कुठे होती हे प्रत्येक पिंगला ठाऊक असेल, तर शेकडो पिंगांत विखुरलेला प्रतिध्वनी भूमितीने परत एका जागी गोळा करता येतो.

## इतके सोपे, तर अडते कुठे?

गोंगाटावर. वरचाच खेळ थोडा बदलू. कधी कधी सरळ येणारा आवाज वाटेत दबतो आणि उशिरा येणारी प्रत त्याच्यापेक्षा जोरदार असते. समजा, प्रत निम्मी नसून दुप्पट आहे. खरे उत्तर तेच, ८, ०, ४, ०. ऐकू येईल ८, १६, ४, ८. आता गोंगाटाने पहिल्याच आकड्यात फक्त एकाची भर पडली, ८ चे ९ झाले. उलटा हिशेब करा: पहिला ९. दुसरा १६ वजा १८, म्हणजे उणे २. तिसरा ४ अधिक ४, म्हणजे ८. चौथा ८ वजा १६, उणे ८. हवे होते ८, ०, ४, ०. मिळाले ९, −२, ८, −८. एकाची चूक तीन पायऱ्यांत आठाची झाली, आणि पुढे गेलात तर सोळाची, बत्तीसाची.

हिशेबात कुठेही गणिती चूक नाही, तरी उत्तर भंगार. सोनारच्या कामातली खरी डोकेदुखी ही आहे. आवाज स्वच्छ करायला गेलेले यंत्र गोंगाटालाच फुगवते. 'मग आवाज मोठा करा की' हा सल्लाही त्यामुळे कामाचा नाही, कारण आवाज मोठा केला की गोंगाटही तेवढाच मोठा होतो.

तोडगा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नॉर्बर्ट वीनर या अमेरिकी गणितज्ञाने काढला, तोही विमानांवर तोफा रोखण्याच्या कामातून. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आवाजाच्या प्रत्येक सुराला विचारा, तुझ्यात खरा प्रतिध्वनी किती आणि गोंगाट किती? जिथे खरे जास्त, तिथे उलटा हिशेब पूर्ण करा. जिथे गोंगाटच जास्त, तिथे हात आखडा. उत्तर थोडे बोथट येईल, पण असे उफाळणार नाही. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत शहाणा विचार वाटतो. पुढे आलेल्या बहुतेक पद्धती यालाच नवे कपडे घालतात.

## पिंगच असा पाठवा की ओळखू येईल

बिघडल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा आधीच तजवीज करणे बरे. साधा पिंग दोन मिलिसेकंद वाजला तर पाण्यात त्याचा ठसा दीड मीटर लांबीचा पडतो. त्याहून जवळ असलेल्या दोन थरांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. पिंग आखूड केला तर ताकद कमी पडते.

यावर युक्ती अशी की पिंगमधला सूर चढता ठेवायचा, समजा १०० किलोहर्ट्झपासून (सेकंदाला एक लाख कंपने) १२० पर्यंत. परत आलेल्या आवाजात यंत्र नेमकी हीच चढण शोधते. पाठवलेल्या पिंगची नक्कल रेकॉर्डिंगवरून सरकवत न्यायची आणि जिथे चढण तंतोतंत बसते तिथे खूण करायची. इंजिनाच्या घरघरीत ही चढण नसते, म्हणून ती आपोआप मागे पडते. दीड मीटरचा ठसा आवळून चार सेंटीमीटरच्या आत येतो, आणि ताकद मात्र पूर्ण दोन मिलिसेकंदांची. हल्लीच्या सोनारमध्ये, अगदी मासे शोधायच्या यंत्रातही, ही सोय सर्रास असते.

## डोके उडालेला आवाज

उथळ पाण्यात कडक तळावरून येणारा प्रतिध्वनी इतका जोरात असतो की यंत्राची मोजायची हद्द संपते. लाटेची शिखरे सपाट कापली जातात. इथे उलट्या हिशेबाचा उपयोग नाही, कारण माहिती मिसळलेली नसून खरोखर गेलेली आहे.

तरीही पूर्ण अंधार नसतो. कापलेल्या जागी खरा आकडा हद्दीपेक्षा जास्त होता, हे नक्की. आजूबाजूची न कापलेली लाट हाताशी आहे. आणि पिंग आपणच पाठवला, त्यामुळे लाटेचा घाट माहीत आहे. या तीन अटी एकदम पाळणारी शिखरे फार थोडी असतात, त्यातले सर्वांत साधे शिखर यंत्र निवडते. बरे काम होते. पण हा अंदाज आहे, आणि अहवालात तो अंदाज म्हणूनच आला पाहिजे. त्यापेक्षा बोटीवरच्या माणसाने आवाजाची पातळी वेळीच कमी केलेली हजारपट चांगली.

## पाण्यालाच उलटे काम लावले तर?

हा भाग उजनीच्या कामाचा नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पॅरिसचे भौतिकशास्त्रज्ञ मथियास फिंक यांनी एक वेगळीच वाट धरली. दूरवरून आलेला, प्रती चढून विस्कटलेला आवाज रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंग शेवटाकडून सुरुवातीकडे, उलटे वाजवून पाण्यात सोडा. सर्वांत उशिरा आलेली प्रत आता सर्वांत आधी निघते, आणि आली त्याच लांबच्या वाटेने परत जाते. लवकर आलेली उशिरा निघते आणि जवळच्या वाटेने जाते. सगळ्या प्रती मूळ जागी एकाच क्षणी पोचतात आणि तिथे पुन्हा एक नेटका आवाज तयार होतो. ज्या पाण्याने आवाज विस्कटला त्याच पाण्याने तो जुळवला, हिशेब कुणी केलाच नाही. १९९० च्या दशकात भूमध्य समुद्रात हे मोठ्या अंतरावर करून दाखवले गेले. मेख एकच: जाऊन येईपर्यंत पाणी फारसे बदलता कामा नये.

## हे सगळे कशाला, उपग्रह आहे ना?

आहे, आणि कामाचा आहे. नाशिकची मेरी ही संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून धरणांतला गाळ मोजण्याचे काम बरीच वर्षे करते. वेगवेगळ्या पातळ्यांना पाणी किती पसरले हे चित्रात मोजायचे, त्यावरून तळाचा आकार काढायचा. पण पाणी जितके खाली गेले तितकेच चित्रात उघडे पडते. त्याखालचा तळ उपग्रहाला दिसत नाही. उजनी वारंवार मायनसमध्ये जाते, म्हणून इथे उपग्रहाला जरा जास्त दिसते, एवढाच काय तो दुष्काळाचा फायदा. उरलेल्या पाण्याखाली सोनारच लागतो.

## गाळ मोजताना 'तळ' कोणता धरायचा?

इथे दुरुस्तीचे सगळे तंत्र पणाला लागते. गाळ म्हणजे फरशी नाही. वर पातळ राबडी, खाली दाट चिखल, त्याखाली मूळची जमीन. २०० किलोहर्ट्झच्या आसपासचा उंच सूर राबडीच्या माथ्यावरूनच परततो. ३३ किलोहर्ट्झचा खालचा सूर मऊ गाळात शिरतो आणि दाट थरापर्यंत जाऊन येतो. दोन्ही सूर एकदम सोडले की दोन तळ मिळतात, आणि त्यांच्यातले अंतर म्हणजे मऊ गाळाची जाडी. एकाच सुराने मोजलेला गाळ आणि दोन सुरांनी मोजलेला गाळ यांत फरक येतो तो यामुळे. कुणी खोटे बोलत असेलच असे नाही, दोघांनी वेगळा तळ मोजलेला असतो.

उजनीत आणखी एक अडचण संभवते. वरून पुणे-पिंपरीचे सांडपाणी येते. असे सेंद्रिय पदार्थ गाळात कुजले की वायूचे बारीक बुडबुडे तयार होतात, आणि बुडबुडे आवाजाला भिंतीसारखे अडवतात. तिथे खालचा सूरही खाली पोचत नाही. जे आत गेलेच नाही त्याची दुरुस्ती कसली करणार? अशा जागी नळी खुपसून गाळाचा नमुना काढणे एवढाच मार्ग राहतो.

## आता एआय आहे, ते भरून काढेल की

हा प्रश्न हल्ली हटकून येतो. हजारो स्वच्छ रेकॉर्डिंग दाखवून शिकवलेले एआय गोंगाट झटकायला खरोखर चांगले आहे. पण त्याचा स्वभाव असा की जिथे माहिती नाही तिथेही ते शिकलेल्या नमुन्यांसारखे काहीतरी छान रेखून देते. समुद्राच्या वाळूवर शिकलेल्या एआयला काळ्या मातीचा गाळ दाखवला तर ते वाळूसारखाच गुळगुळीत तळ काढील, आणि चित्र बघून कुणाला शंकाही येणार नाही. वीनरचा हिशेब निदान बोथट होऊन सांगतो की इथे मला नीट ऐकू आले नाही.

म्हणून पुढच्या वेळी उजनीच्या गाळाचा आकडा जाहीर झाला की विचारायला हवे: बार चेक केला होता का, सूर एक होता की दोन, वायूच्या जागी नमुने काढले का, आणि किती भागाचा तळ प्रत्यक्ष ऐकला व किती भागाचा हिशेबाने जोडला. आणखी एक, मूळ न दुरुस्त केलेले रेकॉर्डिंग जपून ठेवले आहे का. ते असेल तर उद्या कुणाला आकडा पटला नाही, तरी बोट पुन्हा न फिरवता त्याच प्रतिध्वनींवर नव्याने हिशेब मांडता येतो.